अंबडचा टेनिसवाला

तोंडावर मी त्याला नेहमी साहेबच म्हटलं, अहो-जाहोच केलं. मनात मात्र तो पहिल्या महिन्यापासून 'तो'च होता, आणि इतक्या वर्षांनी आता त्याला मानाच्या पाटावर बसवायचा माझा विचार नाही. त्याच्याबद्दल लोक चांगलं बोलतात. टीव्हीवरचा खेळ नाशकात त्यानं बनवला, बायकांच्या हाताला काम दिलं, परदेशी मालापुढे वाकला नाही, असं सगळं. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच मला जास्त राग येतो.

नाशकाजवळ अंबडला तेव्हा कारखाने थोडे आणि बाभळी फार. त्या बाभळींच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. नाशकात टीव्ही नुकता आला होता. कार्यक्रम संध्याकाळी लागायचे, दिवसभर तो दिवाणखान्यात मुका उभा असायचा, भरतकाम केलेलं कापड अंगावर घेऊन. त्या मुक्या टीव्हीला जोडायचा डबा आम्ही बनवायचो. लाकडी पेटी, तिच्यावर फिरवायच्या दोन खुंट्या, मागून निघालेली एक वायर. वायर टीव्हीला लावली की पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा उभ्या राहायच्या आणि मधे एक चौकोनी ठिपका धावायचा. खुंटी फिरवली की रेघ वरखाली. ठिपका रेघेवर आपटला की 'टक्'. यालाच टेनिस म्हणायचं. खटका बदलला की हॉकी, आणखी बदलला की भिंतीवर एकट्यानं मारायचा चेंडू. एवढ्यावर शहाणीसुरती माणसं जेवण विसरून बसायची.

शेडमध्ये आम्ही सगळ्या बायकाच होतो. त्याचं म्हणणं, पुरुष हात चालवण्याआधी तोंड चालवतात. कोणाची जात त्यानं कधी विचारली नाही. माठ एक, पेला एक, आणि त्याच पेल्यानं तोही प्यायचा. आमच्या वस्तीतून कारखान्यात कामाला जाणारी मी पहिली मुलगी; वडील मनमाडला रेल्वेत होते, ते गेल्यावर आई एका शाळेत शिपाई म्हणून लागली होती. मला तो पेला फार मोठा वाटला होता. हे मी नाकारत नाही.

पण त्यानं आम्हाला नावानं कधी हाक मारली नाही. जी जे काम करायची तेच तिचं नाव. पेटीला पॉलिश करणारी 'पॉलिश', वायरी कापणारी 'वायर', सोल्डर करणाऱ्या सुमनबाई 'सोल्डरबाई'. मी तयार डबा तपासायचे म्हणून मी 'टेस्टिंग'. एकदा 'वायर' बाळंतपणाला गेली आणि तिच्या जागी 'पॉलिश' बसली, तर दुसऱ्या दिवसापासून ती 'वायर' झाली. सुमनबाई अंबडच्याच, शेतकऱ्याघरच्या. त्या म्हणायच्या, "उद्या हा मला बैलाच्या जागी जुंपील आन् ढवळ्या म्हणून हाक मारील."

तपासणी म्हणजे प्रत्येक डब्यावर पंधरा गुणांचा पुरा डाव खेळायचा. समोर खेळायला तो स्वतः बसायचा. स्टूल पुढे ओढायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि पडद्याला नाक लावून खेळायचा. जिंकला तर म्हणायचा, "माल पास." हरला तर म्हणायचा, "खुंटी अडकतेय. उघड." मग सुमनबाईंनी ती पेटी उघडायची, आत काही नसायचं, पुन्हा बंद करायची, पुन्हा डाव. मी त्याला मुद्दाम कधी जिंकू दिलं नाही. त्यामुळे आमच्या शेडमधले कितीतरी चांगले डबे दोन-दोनदा उघडले गेले. तेव्हा आम्ही याला हसायचो. आता वाटतं, त्या माणसाचा सगळा स्वभाव त्या स्टुलावर होता. आपण हरलो हे त्याला कोणासमोर म्हणताच यायचं नाही.

मुंबईच्या एका कंपनीनं आपला डबा बाजारात आणला, तेव्हा त्यानं तो पहिल्याच आठवड्यात विकत आणला. काळा, प्लास्टिकचा, हलका. त्यात कॅसेट घालायची. कॅसेट बदलली की खेळ बदलायचा. विमानं, राक्षस, चक्रव्यूह, आणि रंगीत टीव्ही असेल तर रंगीत. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. त्यानं तो डबा शेडच्या भिंतीवर फळी ठोकून ठेवला आणि त्याला चंदनाचा हार घातला. मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा.

"साहेब, हे काय?" मी विचारलं.

"हा गेलेला आहे असं समजायचं," तो म्हणाला.

रोज सकाळी कुलूप उघडलं की तो आधी त्या फळीसमोर उभा राहायचा आणि त्या डब्याला बोलायचा. शिव्या नव्हेत. हिशेबी, शाळामास्तरासारखं बोलायचा. "तू डबा स्वस्त देतोस आणि कॅसेट महाग. म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात तुझा हात कायमचा. पोरगं दर महिन्याला बापापुढे रडणार. माझा डबा एकदा घेतला की माझा-त्याचा संबंध संपला. मी विकतो, तू गळ टाकतोस." आम्ही पदर खोचून आपापल्या जागी बसायचो आणि हे कीर्तन ऐकायचो. खोटं सांगत नाही, ते ऐकायला मला आवडायचं. कारण त्याचं बोलणं बरोबर होतं. पण इतकं बरोबर बोलणारा माणूस ते प्लास्टिकला ऐकवायचा, आमच्याकडे वळून एक वाक्य कधी म्हणाला नाही.

मेन रोडवरच्या टीव्हीच्या दुकानांत आमचा माल असायचा. एका दिवाळीआधी तो मला एका दुकानात घेऊन गेला, गिऱ्हाइकांसमोर खेळून दाखवायला. बघतो तर शोकेसमध्ये मुंबईवाल्यांचे डबे ओळीनं, आणि आमचे खाली, पंख्यांच्या खोक्यांमागे. दुकानदार जुना ओळखीचा होता. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, रागावू नका. ते लोक मला उधारीवर माल देतात. वर टीव्हीवरचं कमिशन वाढवून दिलंय. अट एकच, तुमचा डबा काचेत दिसायला नको."

"मग तुम्ही काय म्हणालात?" साहेबानं विचारलं.

"मी दुकानदार आहे. मी काय म्हणणार?"

साहेबानं बाह्या सरसावल्या. खोक्यांमागून आमचे डबे उचलले आणि रिक्षात भरले. मला वाटलं एवढ्यावर थांबेल. पण त्यानं रिक्षा पुढच्या दुकानासमोर उभी केली, मग त्याच्या पुढच्या. जिथे जिथे मुंबईवाल्यांचा डबा दिसला तिथून आमचा माल त्यानं परत घेतला. एक दुकानदार तर म्हणाला, "अहो, माझ्याकडे तुमचा चांगला खपतोय, राहू द्या." हा म्हणाला, "त्याच्या शेजारी नको." संध्याकाळपर्यंत अर्ध्या नाशकातून आमचा माल आम्हीच हाकलला होता. मुंबईच्या कंपनीला जे कमिशन वाटून वर्षभरात जमलं नसतं, ते यानं एका दुपारी फुकटात करून दिलं. रिक्षात माझ्या मांडीवर तीन डबे होते आणि तो पुढे ड्रायव्हरशेजारी ताठ बसला होता, लढाई जिंकून आल्यासारखा. मी म्हणाले, "साहेब, आता विकायचं कुठं?" तो म्हणाला, "तुझं काम टेस्टिंगचं."

त्यानंतर शेडमध्ये एक नवीन काम सुरू झालं. जुने डबे परत यायला लागले. लोकांना थोडी सूट देऊन तो ते गोळा करायचा, म्हणायचा, "दुरुस्ती." त्या डब्याचा जीव म्हणजे आतली एक काळी, गोमेसारख्या पायांची आयसी. ती बाहेरच्या देशात बनायची आणि मुंबईच्या व्यापाऱ्याकडून यायची. सुमनबाईंना तो जुन्या डब्यातली आयसी काढायला लावायचा आणि नव्या डब्यात बसवायला. नव्याकोऱ्या पेटीत खरवडलेल्या पायांची आयसी. सुमनबाई मला हळूच म्हणाल्या, "ही कसली दुरुस्ती? हे तर एकाचं काळीज काढून दुसऱ्याला लावणं हाय." मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काम करा."

मग मुंबईच्या त्या कंपनीचा माणूस आला. सफारी, गोड आवाज, येताना आमच्यासाठी पेढे. आम्हा सगळ्यांना ताई म्हणाला. माझ्याशी एक डाव खेळला, हरला, आणि हसून म्हणाला, "ताई, तुम्ही तर चॅम्पियन आहात." मग दोघं आतल्या खोलीत बसले. दार बंद. थोड्या वेळानं आतून साहेबाचा आवाज चढला, चहाचा ग्लास फुटला, आणि तो सफारीवाला रुमालानं शर्ट पुसत बाहेर आला. जाताना आमच्याजवळ थांबला आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आम्ही तर तुम्हा सगळ्यांना ठेवून घेणार होतो. ही शेड आम्ही चालवणार होतो. तुमचे साहेबच नाही म्हणाले. त्यांची मर्जी."

साहेब दारात उभा होता. त्यानं हे ऐकलं. आम्ही त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "जेवणाची सुट्टी संपली," आणि पुन्हा आत गेला.

सुमनबाईंच्या घरी विहीर आटली होती, नवरा कमरेच्या दुखण्यानं खाटेला, दोन मुली शाळेत. माझ्या घरी धाकटा भाऊ बारावीला. प्रत्येकीच्या घरी असंच काहीतरी. आणि आमच्या भाकरीचा निकाल त्या बंद दारामागे एका माणसानं आपल्या तोऱ्यात लावून टाकला होता. मला इतका राग आला होता की हातातली खुंटी मी फिरवून तोडली.

दुसऱ्या दिवशी मी आणि सुमनबाई सीबीएस बसस्टँडजवळच्या लॉजवर गेलो. सफारीवाला तिथं उतरला होता. तो खाली नाश्ता करत होता. आम्हाला बघून उठला, खुर्च्या दिल्या. मी सरळ सांगितलं, "साहेब नाही म्हणाले तर म्हणाले. तुम्ही दुसरी शेड घ्या. आम्ही सगळ्या येतो. काम आम्हाला येतं."

तो जरा गोंधळला. "दुसरी शेड कशाला, ताई?"

"मग डबे कुठं बनवणार?"

"बनवायचे नाहीत. आमचा माल बाहेरून पेटीबंद येतो."

सुमनबाई म्हणाल्या, "आन् मग साहेबांची शेड कशापायी मागत व्हता?"

तो इडलीकडे बघत म्हणाला, "त्यांच्याकडे जुना परवाना आहे. सुटे भाग आणून इथं माल बनवायचा. त्या परवान्याआड आमचा तयार माल आणायचा, वर 'नाशिकमध्ये तयार' एवढी पाटी, बस. बाकी..." मग त्याला आमची दया आली असावी. म्हणाला, "लेबल चिकटवायला दोघीजणी लागल्या असत्या. तुम्हा दोघींचं मी बघितलं असतं."

आम्ही उठलो. जिन्यात सुमनबाई थांबल्या, कठड्याला धरून. म्हणाल्या, "म्हंजी आपला येडाच खरा व्हता."

कोणाला वाटेल, इथं माझा राग निवला. तो इथंच खरा पेटला. आम्ही थेट शेडवर गेलो. तो हार घातलेल्या डब्यासमोर उभा होता, पण बोलत नव्हता. मी विचारलं, "साहेब, त्या लोकांना आम्ही नको होतो, फक्त परवाना हवा होता. तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग काल तो आमच्यासमोर खोटं बोलला, तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

"त्याच्याशी काय वाद घालायचा?"

"त्याच्याशी नाही. आमच्याशी बोलायचं होतं."

त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे खरंच नवल वाटल्यासारखं बघितलं. "तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

मी आयुष्यात बरंच ऐकून घेतलं आहे. वस्तीचं नाव सांगितल्यावर समोरच्याचा बदललेला चेहराही बघितला आहे. पण त्या वाक्याइतकं मला काही लागलं नाही. ज्यानं आपल्या पेल्यानं पाणी दिलं, त्याच्या लेखी आम्ही हात होतो. चांगले, स्वच्छ, विश्वासू हात. हातांना कोण सांगतं?

काही आठवड्यांनी सकाळी गेलो तर शेडला कुलूप. चिठ्ठी नाही, निरोप नाही, शेजारच्या कारखान्याच्या वॉचमनलाही काही माहीत नाही. आम्ही दुपारपर्यंत बाभळीखाली जेवणाचे डबे घेऊन बसलो, की येईल, चावी विसरला असेल. मग डबे तसेच घेऊन घरी गेलो.

मुंबईच्या कंपनीचंही फार दिवस चाललं नाही. पुढच्या नव्या मॉडेलमध्ये त्यांनी कॅसेटची खाच बदलली. जुन्या कॅसेटी नव्यात बसेनात, नव्या जुन्यात बसेनात. दुकानदारांच्या गळ्यात माल पडला, पोरांनी घरी तमाशे केले. तेवढ्यात बंदरावरून चोरटा माल यायला लागला, तो त्यांच्याहून स्वस्त आणि त्यांच्याहून झकपक. त्यांनी नाशिकमधला कारभार गुंडाळला. मेन रोडवरचा तो दुकानदार मला एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "तुमच्या साहेबांचं म्हणणं खरं निघालं हो." मी म्हणाले, "त्यांना सांगा." दुसऱ्याची चूल विझल्यावर खरं ठरण्याचं मला कौतुक नव्हतं.

मी तेव्हा शिवणकाम करत होते. उन्हाळ्यात एके दिवशी वस्तीतल्या पोरी धावत आल्या. एक माणूस नळापाशी उभा राहून विचारतोय, 'टेस्टिंग कुठं राहते?' मी बाहेर आले. तोच होता. वाळला होता. आईनं जयभीम केला, तो 'हो, हो' म्हणाला आणि मग आठवून हात जोडले. आईनं चहा ठेवला. तो खाटेच्या कडेवर बसला.

"व्होल्टेजचा त्रास आहे सगळीकडे," तो म्हणाला. "टीव्ही जळतात, फ्रिज जळतात. स्टॅबिलायझर काढतोय. शेड उघडतोय. ये तू सोमवारपासून. बाकीच्यांनाही सांग."

एवढंच. मधले महिने जणू झालेच नव्हते.

मी म्हणाले, "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. येत्या रविवारी सगळ्यांना सुमनबाईंच्या अंगणात बोलावते. तिथं येऊन सांगा, कुलूप का लावलं."

"ते आता कशाला?"

"मग सोमवारही कशाला?"

आई स्वयंपाकघरातून बघत होती. तिला वाटलं असणार, पोरगी हातची नोकरी घालवते. त्यानं चहा संपवला, कप स्वतः नेऊन मोरीत ठेवला आणि गेला.

रविवारी तो आला. सुमनबाईंच्या अंगणात चिंचेखाली आम्ही सगळ्या बसलो होतो, त्यांचा नवरा ओसरीत खाटेवर. साहेबाला खुर्ची दिली होती. तो बसला नाही, उभा राहिला. प्लास्टिकच्या डब्याला रोज सकाळी न थांबता ऐकवणारा माणूस, आमच्यासमोर उभा राहून नुसता घसा खाकरत होता.

शेवटी म्हणाला, "आयसी संपल्या होत्या. बाहेरच्या देशात बनणंच बंद झालं. व्यापाऱ्याकडे शेवटचा साठा होता, तो मुंबईच्या कंपनीनं मला अडवायला उचलला. मला दिवाळीपासून ठाऊक होतं."

"दिवाळीपासून?" कोणीतरी म्हणालं.

"जुन्यातल्या काढून चालवलं जेवढं चाललं तेवढं. मग..." तो थांबला. "तुमच्यासमोर येऊन सांगायची लाज वाटली."

एक-दोघींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. मालकानं लाज वाटली म्हटलं, एवढ्यानंच त्या विरघळल्या. मला तेही सहन झालं नाही. मी म्हणाले, "लाज तुमची होती साहेब. चूल आमची होती."

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "बरोबर आहे," आणि निघण्यासाठी चपलांकडे वळला.

"बसा," सुमनबाई म्हणाल्या.

"मी सांगितलं सगळं."

"तुमचं झालं. आमचं नाय झालं. बसा खुर्चीवर."

तो बसला. आणि मग एकेक बाई बोलायला लागली. रडून नाही, भांडून नाही, जे झालं ते. कोणी लोकांची धुणी धरली. कोणाची म्हैस गेली. सुमनबाईंनी थोरल्या मुलीला शाळेतून काढून द्राक्षांच्या खुडणीला लावलं, ते सांगितलं, मुलगी तिथंच दारात उभी असताना. तो मधेच एकदा उठायला लागला. सुमनबाईंनी नुसतं बघितलं, तो पुन्हा टेकला. चिंचेची सावली सरकली, ऊन त्याच्या अंगावर आलं. कोणी खुर्ची हलवायला गेलं नाही, त्यानंही हलवली नाही.

सगळ्यांत शेवटी आधीची 'पॉलिश', मागाहून वायरी कापणारी झालेली, ती बोलली. आमच्यात सगळ्यांत लहान, बोलायचीच कमी. ती म्हणाली, "माझं ठरलेलं लग्न मोडलं. नोकरीवाली पोरगी म्हणून त्यांनी पसंत केली होती."

तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं."

"विचारलं कुठं तुम्ही?" ती म्हणाली.

खिशातून रुमाल काढून त्यानं मान पुसली आणि खाली बघून हळू आवाजात तिला विचारलं, "तुझं नाव काय?"

"आता कशाला?" ती म्हणाली, आणि उठून सुमनबाईंच्या मागे घरात गेली.